दवाखान्याच्या दारातला प्रश्न



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय सांगितला तो इस्पितळाच्या अपघात विभागाचा. तो ऐकून ते क्षणभर थांबले. तसे आपणही थांबला असाल. मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ, अशा प्रकारचे आहे. परंतु तीस वर्षे संघटनेचे काम करताना, कारखान्याच्या फाटकाखालोखाल मी कोठे अधिक वेळ उभा राहिलो असेन तर तो अपघात विभागाच्या दारात. अर्ध्या रात्री वाळूजहून किंवा चिकलठाण्याहून निरोप यावा, आणि मी चपला अडकवून निघावे, असे किती वेळा झाले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तेथे उभे राहून जे पाहिले त्याचे मूळ इतिहासात शोधावे असे पुढे वाटू लागले. ते शोधलेले आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक प्रसंग सांगतो, कारण माझ्या मनात हा विषय तेथूनच सुरू झाला. १९९६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण दोन दिवस ‘दाढ दुखते’ म्हणत होता. त्याला घास चावता येईना, मग तोंडच उघडेना. सुपरवायझर आणि मी त्याला घेऊन इस्पितळात गेलो. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारले, “कुठे लागले होते का?” सुपरवायझर म्हणाला, “नाही साहेब, दाढेचेच आहे.” डॉक्टरांनी पुन्हा विचारले, उत्तर तेच, आणि तेही सुपरवायझरचेच. रोगी जमिनीकडे पाहत होता. तेव्हा डॉक्टरांनी सुपरवायझरला केसपेपर काढायला बाहेर पाठवले, स्टूल ओढून ते रोग्याजवळ बसले आणि म्हणाले, “आता तू सांग.” त्या पोराने उजवा पाय पुढे केला. टाचेत लोखंडाची बरी घुसल्याची दहा दिवसांपूर्वीची जखम होती. ती बुजल्यासारखी दिसत होती. इंजेक्शन घेतले नव्हते, कारण इंजेक्शन म्हटले की अपघाताची नोंद आली, आणि नोंद झाली तर उद्यापासून येऊ नकोस, असे त्याला बजावलेले होते.

डॉक्टरांनी एक लाकडी पट्टी घेऊन त्याच्या घशाच्या मागच्या बाजूस हलकेच लावली. निरोगी माणसाला अशा वेळी ओकारी येते आणि तो पट्टी बाहेर ढकलू पाहतो. या पोराचे दात उलट पट्टीवर करकचून बसले. तो धनुर्वात होता. जखम उघडून स्वच्छ केली, धनुर्वाताच्या विषावरचे औषध दिले, अंधाऱ्या निवांत खोलीत ठेवले. कित्येक आठवड्यांनी तो पोर चालत घरी गेला. दाढेचा समजून त्याला परत पाठवले असते तर काय झाले असते, हे मी सांगायला नको.

त्या पट्टीची हकीकत मला पुष्कळ पुढे कळली. धनुर्वाताचे निदान रक्त तपासून होत नाही. ते रोग्याला पाहून, हात लावून आणि विचारून करावे लागते. परळच्या के. ई. एम. इस्पितळात आपटे आणि कर्नाड या दोन डॉक्टरांनी धनुर्वाताचा संशय असलेल्या ४०० रोग्यांवर ही पट्टीची परीक्षा करून पाहिली आणि १९९५ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांना खरोखर धनुर्वात होता त्यांच्यापैकी शेकडा ९४ जणांत ती बरोबर उतरली. ज्यांना नव्हता त्यांच्यापैकी एकालाही तिने चुकून धनुर्वात ठरवले नाही. एका लाकडी पट्टीने एवढे काम करावे याचे मला फार अप्रूप वाटले. पण पट्टी हाती घेण्याचे सुचायलाही आधी संशय यावा लागतो, आणि संशय येतो तो रोग्याच्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने. तो शब्द त्या रात्री जवळजवळ निघालाच नसता.

इटलीमध्ये रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. १७०० साली त्यांनी कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी असे सुचवले की, वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारण्याची जुनी परंपरा आहे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी: तू काम काय करतोस? दिसायला प्रश्न साधा आहे. परंतु तो विचारणे जितके वैद्याच्या हाती आहे, तितके त्याचे खरे उत्तर देणे रोग्याच्या हाती नाही. उत्तर देताना रोजी जाण्याची, घर उघडे पडण्याची किंवा अब्रू जाण्याची भीती असेल तर माणूस खोटे बोलतो किंवा गप्प राहतो. मग वैद्यकाची सारी विद्या दारातच अडते. आपल्या महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा साथींचा इतिहास मी वाचला तेव्हा मला पानोपानी हीच गोष्ट दिसली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, जेथे धान्याची कोठारे होती, तेथे काही लोकांना जबर ताप येऊन जांघेत किंवा काखेत गाठी येऊ लागल्या. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हे रोगी तपासले आणि २३ सप्टेंबर रोजी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे हा गाठीचा प्लेग आहे असे सांगितले. त्यांच्याजवळ तेव्हा डोळे, बोटे आणि रोग्यांची हकीकत एवढीच साधने होती. प्लेगचा जंतू येर्सां यांनी हाँगकाँगला शोधून काढल्याला अवघी दोन वर्षे झाली होती. पुढे ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अगदी तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेला आज ज्यांचे नाव आहे ते हेच.

निदान झाले, परंतु उपचार काय? खरे सांगायचे तर त्या काळी प्लेगवर औषध नव्हते. औषध सापडायला अजून जवळजवळ अर्धे शतक जायचे होते. सरकारच्या हाती उरली ती सक्ती. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढला: संशयित रोग्याला जरूर तर बळाने इस्पितळात न्यावे. न्यायचे कोठे, तर आर्थर रोडच्या इस्पितळात. आत गेलेला बाहेर येत नाही असे लोक पाहत होते. त्याच महिन्यात सुमारे हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. पुढच्या काळात लिहिणाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटले. मी तसे म्हणायला धजत नाही. ज्या दारातून आपले माणूस जिवंत परतत नाही, आणि ज्या दारात आपल्याला कोणी काही विचारतही नाही, त्या दाराची भीती वाटायला अडाणी असावे लागत नाही.

महिना संपता संपता स्नो यांनी हुकूम सैल केला. त्याचे कारण मला फार बोलके वाटते. शहराची घाण उचलणारे हलालखोर घाबरून पळून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती त्यांना पडली होती. ज्यांना कोणी मोजत नव्हते त्यांच्यावाचून शहर एक आठवडाही तगणार नाही, हे त्या दिवशी सरकारला उमगले. तरीही माणसे गेलीच. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून गेली. गिरणीमालक नाक्यानाक्यावर उभे राहून जादा रोजाचे आमिष दाखवून माणसे मिळवू लागले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सक्तीला कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घरात शिरून तपासणी करू लागले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला तो आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी, मदनपुऱ्याच्या विणकर वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली. अशा वातावरणात लोकांनी काय केले? रोगी लपवले. प्रेते लपवली. ज्या हकीकतीवरून व्हिएगस यांनी रोग ओळखला ती हकीकत सांगणारे तोंडच मिटले. जंतूचा शोध लागला होता, लस तयार होत होती, आणि तरीही रोग वैद्याला चुकवून घराघरांत फिरत राहिला.

त्याच दिवसांत, त्याच पुण्याजवळ, याच्या उलट एक काम चालले होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूस सासाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या स्वतः वस्तीत जात आणि रोगी घेऊन येत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले असे सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतरावांजवळही प्लेगवर औषध नव्हते. पण तेथे रोगी लपवावा लागत नव्हता, कारण त्याला न्यायला येणारे माणूस आधी त्याच्या उंबऱ्यावर बसून विचारपूस करीत असे. पुढे मुंबईतही निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग इस्पितळे काढू दिली, पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ काढले, आणि लोक आपण होऊन रोगी आणू लागले. इस्पितळे जातवार असावीत हे काही मला भूषण वाटत नाही. परंतु जेथे ओळखीचा माणूस दारात उभा असतो तेथे रोगी येतो, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता आपल्या घराजवळ येऊ. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला, आणि लोकांना ताप येऊन गाठी दिसू लागल्या. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. महाराष्ट्रात कित्येक वर्षे प्लेग कोणी पाहिला नव्हता. बहुतेक डॉक्टरांनी तो पुस्तकातच वाचलेला. तरीही मेलेल्या उंदरांची आणि पिसवांची गोष्ट गावकऱ्यांनी सांगितली, कोणीतरी ती ऐकून घेतली, आणि संशयितांना टेट्रासायक्लीनच्या गोळ्या सुरू झाल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या रोगापुढे साम्राज्याने हात टेकले त्या रोगावर आता चार पैशांची गोळी होती. बीडच्या बाजूला त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. सुरतेतून लाखो लोक बाहेर पडले. त्यांत खानदेशातले आणि इतर ठिकाणचे कामगार बरेच होते. आपल्याकडे बसस्टँडवर माणसे तोंडाला रुमाल बांधून फिरत होती आणि औषधांच्या दुकानांत त्या गोळ्या मिळेनाशा झाल्या, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ज्यांना काही झाले नव्हते त्यांनी त्या खाल्ल्या. पुढे तो खरोखर प्लेगच होता का यावर विद्वानांत वाद झाला. नंतरच्या तपासणीत प्लेगच्या जंतूचा पुरावा मिळाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की औषध हाताशी असूनही माणसे पळाली. गोळी उपलब्ध होती, भरवसा नव्हता. आणि २०२० साली करोनाच्या वेळी पुन्हा तेच झाले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे सोळा मजूर गावाकडे पायी निघाले होते. थकून ते करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर निजले आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली गेले. त्यांना रोगाने मारले नाही.

केवळ संसर्गाच्याच बाबतीत हे खरे आहे असे नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले मरत होती. दंश झालेला माणूस येई, वेदनेवर काहीतरी देऊन त्याला झोपवत, आणि काही तासांनी तो फेस येऊन दगावे. बावस्कर रोग्याच्या उशाशी बसून राहिले. दंश केव्हा झाला, वांती झाली का, घाम किती आला, हातपाय गार केव्हा पडले, हे विचारीत आणि लिहीत गेले. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसात पाणी भरते, असे त्यांच्या ध्यानात आले. सुरुवातीची ही लक्षणे कशी ओळखावीत हे त्यांनी १९८२ साली विलायतेच्या ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. मग रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसीन हे स्वस्त औषध त्यांनी योजले. गंभीर दंशाच्या शंभर रोग्यांत पूर्वी पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण चारांच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात यंत्रे नव्हती. बसून विचारणारा एक माणूस होता.

आजच्या अपघात विभागात यंत्रे पुष्कळ आहेत, आणि असावीतच. रक्तात जंतूंचा संसर्ग पसरून रक्तदाब घसरू लागला की तास मोजावे लागतात. योग्य औषध लवकर गेले तर माणूस वाचतो. पण याच घाईमुळे दुसरे एक संकट उभे राहिले आहे. प्रत्येक तापाला जंतुनाशक गोळी देण्याची सवय लागल्याने जंतू त्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. मग कोणाला गोळी ताबडतोब द्यायची आणि कोणाला मुळीच द्यायची नाही, हे ठरवायचे कसे? काही भाग तपासणीने ठरतो. उरलेला भाग ठरतो तो याने की ताप कधी आला, पाण्यात उभा होतास का, शेतात होतास का, जखम झाली होती का, आधी कोणती गोळी खाल्लीस. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचा ताप पसरला, तेव्हा गुडघाभर पाण्यातून चालत गेलास का, या एका प्रश्नाला केवढे मोल आले होते!

आता या दारातल्या हक्काचे दोन शब्द. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. ती फुकटची मेहेरबानी नाही. कामगाराच्या पगारातून त्यासाठी पैसे कापले जातात. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगितले की जखमी माणसावर आधी उपचार, पोलिसांचे कागद मागाहून. आणि १९९६ चा निकाल तर माझ्यासारख्याला विशेष जवळचा वाटतो. बंगालमध्ये शेतमजुरांच्या एका संघटनेचा सभासद आगगाडीतून पडला. डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून परत पाठवले. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, न्यायालयात गेली. न्यायालयाने निर्णय दिला की वेळेवर तातडीचा उपचार मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दारातून परत न पाठवले जाण्याचा हक्क असा एका मजूर संघटनेने मिळवून दिला आहे.

पण हक्काने दार उघडते. तोंड उघडायला आणखी काही लागते. आपल्या शहरात १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याचे इस्पितळ आपण ‘घाटी’ म्हणतो, आणि साऱ्या मराठवाड्यातून माणसे तेथे येतात. तिथल्या किंवा कुठल्याही इस्पितळातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरसमोर एका वेळी कितीतरी रोगी असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रत्येकाजवळ त्यांनी स्टूल ओढून बसावे अशी अपेक्षा करताना तेथे माणसे वाढवा, परिचारिका वाढवा, ही मागणीही आपणच लावून धरली पाहिजे. दमलेल्या माणसाला दुसऱ्यांदा प्रश्न विचारण्याचे त्राण राहत नाही.

दुसरी बाजू आपली. मालक, मुकादम किंवा घरातले वडील रोग्याच्या वतीने उत्तर देऊ लागले तर त्यांना बाजूला करून रोग्याला बोलू द्या. सुनेच्या भाजण्याची हकीकत सासू सांगत असेल, किंवा पोटात गेलेल्या औषधाची हकीकत भाऊ सांगत असेल, तर तेथेही हेच लागू आहे. जखम झाली तर नोंद करा. नोंदीबद्दल कोणी काम काढून घेतले तर त्याच्यासाठी भांडायला संघटना आहे. आमच्या संघटनेत आम्ही तेव्हापासून एक रिवाज ठेवला आहे: इस्पितळात रोग्याबरोबर जाणारा माणूस त्याच्या साहेबाने नेमलेला नसावा, त्याने स्वतः निवडलेला असावा.

तो पोर आता पन्नाशीला आला आहे. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही भेटलो. मी त्याला विचारले, “त्या रात्री तू सुपरवायझरसमोर का बोलला नाहीस?” तो म्हणाला, “दादा, मला कोणी विचारलेच नव्हते. विचारत होते ते त्यालाच.”